तांबडीचा आवाज

दुपारी दोन ते चार या वेळात आमच्या घरात मिक्सर लागत नाही, ट्यूबलाइट लागत नाही, पंखासुद्धा बंद असतो. कुकरच्या शिट्ट्या त्याआधीच उरकून घ्यायच्या. कुणी भेटायला आलंच तर त्यांना पुढच्या सोप्यात बसवून कुजबुजत बोलायचं. मैत्रिणींनो, घरात कुणी आजारी नाही आणि कुणाची बारावीही नाही. आमच्या लेकीचं ‘शूटिंग’ असतं! आणि या शूटिंगची कॅमेरामन, साउंडवाली आणि हल्ली एडिटरसुद्धा म्हणजे अस्मादिक. मराठी घेऊन बी.ए. झालेली, बचत गटांच्या वह्या तपासत गावोगाव फिरणारी, मोबाइलवर फार तर हळदीकुंकवाचे फोटो काढणारी बाई.

लेक सांगलीला बी.एस्सी. करते आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवते. आम्ही राहतो मिरजेत. इथं वाद्याचं कौतुक कुणाला नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी इथं सतारी बनवायला सुरुवात केली आणि पुढं ती एक गल्लीच झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव. त्यामुळे मुलीनं तानपुरा मांडीवर घेतला असता तर सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले असते. तिनं घेतली ही चपटी, पोटच नसलेली गिटार! वायर न जोडता वाजवली तर शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू जात नाही. सासूबाई म्हणाल्या, “भोपळा नाही, पोकळी नाही, मग वाजतं काय त्यात?” प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर मला वर्षभरानंतर कळलं, ते पुढं सांगतेच.

तर हे शूटिंग कसलं? दोन गिटारींची तुलना. एका गिटारीवर एक तुकडा वाजवायचा, मग दुसरी गिटार घेऊन तोच तुकडा परत. दोन्ही चित्रफिती एकापुढे एक जोडायच्या आणि कुठलीचा आवाज चांगला ते बघणाऱ्यानं ठरवायचं. साडीच्या दुकानात आपण दोन साड्या शेजारी शेजारी टाकायला लावतो, तसंच. या पोरांच्या जगात असे व्हिडिओ फार बघितले जातात. खेड्यापाड्यातल्या मुलाला सत्तर हजारांची गिटार हातात घ्यायला कोण देणार? तो बिचारा व्हिडिओ बघूनच ठरवतो.

लेकीची गिटार चौदा हजारांची. थोडे तिचे साठवलेले, थोडे माझ्या भिशीचे. कोल्हापूरच्या तिच्या मैत्रिणीकडे अगदी त्याच घाटाची, पण बहात्तर हजारांची. लालभडक, चकचकीत. हा घाट म्हणे अमेरिकेतल्या फेंडर कंपनीनं १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’ या नावानं काढला आणि पुढं जगभर त्याच्या नकला झाल्या. लेकीला ती तांबडी गिटार हवी होती. “आई, जमीन-अस्मानाचा फरक आहे गं!” आमच्या ह्यांचं म्हणणं, “आहे ती वाजत नाही का? मग?” झालं. बाबांना पटवण्यासाठी तिनं पहिला तुलनेचा व्हिडिओ केला. भजनी मंडळाचा माइक मागून आणला, कॉलेजातल्या एकाकडून माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी डबी आणली, आणि एका रविवारी दोन्ही गिटारी वाजवून काढल्या.

खरं सांगते, मला गिटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी फरक ऐकू आला. आमची गिटार पत्र्याच्या डब्यातून वाजल्यासारखी, आणि तांबडी कशी भरदार, खणखणीत. ह्यांनासुद्धा जाणवला. “दिवाळीनंतर आर.डी. संपतेय, तेव्हा बघू,” म्हणाले. ह्यांचं ‘बघू’ म्हणजे निम्मा होकार. लेक खूश. तिनं तो व्हिडिओ लोकांना बघायला टाकलाही.

महिन्याभरानं एक फोन आला. जत तालुक्यातला एक मुलगा. वडील मालवाहू रिक्षा चालवतात. “ताई, मी किती दिवस घेऊ का नको करत होतो. तुमचा व्हिडिओ बघितला आणि ठरवलं. जुनी विकली, वरचे पैसे हप्त्यांवर. बारा हप्ते.” हीच लाल गिटार! लेक घरभर नाचली. आपल्या व्हिडिओवरून कुणीतरी एवढी मोठी वस्तू घेतली! माझ्या मात्र पोटात उगाच कालवलं. बचत गटाच्या कामात हप्ता हा शब्द मी रोज ऐकते. पहिले तीन हप्ते उत्साहात जातात, चौथ्याला घरात कुणी आजारी पडतं, पाचव्याला गळ्यातलं सोनाराकडं जातं. पण लेकीचा आनंद बघून तेव्हा काही बोलले नाही.

माझ्या हातात एडिटिंग आलं ते तिच्या परीक्षेमुळे. दुसऱ्या एका व्हिडिओची जुळवाजुळव राहिली होती. ती म्हणाली, “आई, सोपं आहे. तू वहीत हिशेब जुळवतेस ना, तसंच.” ‘ऑडॅसिटी’ नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तिनं दाखवलं. त्यात आवाज लाटांसारखा दिसतो. मोठा आवाज, उंच लाट. बारीक आवाज, बुटकी लाट. मी सराव म्हणून तिचा तो पहिलाच व्हिडिओ उघडला. बघते तर काय, तांबडीच्या लाटा सह्याद्रीच्या डोंगरासारख्या आणि आमच्या गिटारीच्या माळावरच्या टेकाडांएवढ्या! म्हटलं, ही आवाजाने ‘चांगली’ आहे की नुसती ‘मोठी’ आहे?

लेकीनं दाखवलेली एक पट्टी होती, ती खाली ओढली की आवाज कमी होतो. तांबडीचा आवाज मी चारेक डेसिबलनं खाली आणला, दोन्हींच्या लाटा साधारण सारख्या दिसायला लागेपर्यंत. मग डोळे मिटून ऐकलं. परत ऐकलं. हेडफोन लावून ऐकलं. जमीन आणि अस्मान एकमेकांच्या इतके जवळ आले होते की मधून मांजर गेलं नसतं.

यात माझी काही हुशारी नाही. लेकीच्याच फिजिक्सच्या सरांनी नंतर समजावून सांगितलं. आपल्या कानाला बारीक आवाजात खर्जाचे सूर आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. तोच आवाज मोठा केला की ते दोन्ही उठून येतात आणि वाजणं ‘भरलेलं’ वाटायला लागतं. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये याचे आलेखच काढून ठेवले आहेत. फरक थोडासाच असला तर ‘हा मोठा आहे’ असं कानाला वाटतच नाही. ‘हा चांगला आहे’ असं वाटतं! म्हणून दोन आवाजांची तुलना करायची तर आधी दोन्ही सारखे मोठे करून घ्यायचे. भाजीवाल्याच्या तराजूला आधी रिकाम्या पारड्यांनी बघतो ना, तसंच.

लेकीला हे सांगायला गेले आणि घरात महाभारत झालं. “तुला गिटारीतलं काय कळतं?” हा प्रश्न तिनं विचारला, आणि तो रास्तच होता. “चांगली गिटार आहे, म्हणूनच मोठा आवाज येतो तिचा!” म्हटलं, असेल बाई. पण मग तो का मोठा येतो, ते तर बघ.

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तीच लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. नॅशव्हिल म्हणजे अमेरिकेतलं गाण्याबजावण्याचं मोठं शहर. तिथला जिम लिल नावाचा एक गिटारवाला. त्यानं २०२१ मध्ये घरच्या घरी एक व्हिडिओ केला, इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज येतो कुठून हे शोधायला. एकेक भाग बदलत बदलत तो शेवटी अशा ठिकाणी पोहोचला की गिटारच काढून टाकली! एका बाकड्यापासून दुसरीकडे नुसत्या तारा ताणल्या, मधल्या हवेत पिकअप लावलं आणि वाजवलं. आणि आवाज त्याच्या महागड्या गिटारीसारखाच! मी पोळी लाटता लाटता बघत होते, ती तव्यावर करपली.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हेच. या गिटारीला भोपळ्याची गरज नसते, कारण वाजतं ते पिकअप. तारांच्या खाली लोहचुंबक असतं, त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की त्या वेढ्यांत बारीकशी वीज तयार होते, तीच वायरमधून अँप्लिफायरकडे जाते. आणि हे पिकअप दोन स्क्रूंवर बसवलेलं असतं. स्क्रू फिरवला की ते तारांच्या जवळ येतं किंवा लांब जातं. जवळ आलं की आवाज मोठा.

लेकीनं कंपासपेटीतली पट्टी काढली. आमच्या गिटारीचं पिकअप तारांपासून चार मिलिमीटरहून जास्त खाली होतं. मैत्रिणीला फोन करून तिच्याकडचं माप घेतलं तर दोन. कारखान्यातून येताना किंवा दुकानात कुणीतरी आमचे स्क्रू सैल सोडले असतील, कोण जाणे. म्हणजे अठ्ठावन्न हजारांच्या फरकातला निदान मोठा वाटा दोन स्क्रूंच्या चार-सहा वेढ्यांत होता. लेक स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन तशीच बसून राहिली. मग हळूच म्हणाली, “आई, त्या जतच्या मुलाचं काय?”

ठरलं, व्हिडिओ नव्यानं करायचा. आणि या वेळी नीट.

नीट म्हणजे काय ते आम्हाला चुकत चुकत कळलं. दोन्ही गिटारींना एकाच दिवशी नव्या तारा, एकाच जाडीच्या. आधी आमच्या गिटारीवर आठ महिन्यांच्या गंजक्या तारा होत्या आणि तांबडीवर नव्या कोऱ्या! नवी तार चमकदार वाजते, जुनी मळकट. आता सांगा, ही तुलना झाली का? मग पिकअपची उंची पट्टीनं मोजून सारखी. अँप्लिफायर एकच, त्याच्या बटणांना हात लावायचा नाही. मी तर बटणांच्या कडेला कुंकवाच्या खुणा करून ठेवल्या. माइक अँप्लिफायरच्या स्पीकरसमोर असतो. तो मधोमध असेल तर आवाज टोकदार, इंचभर कडेला सरकला की मऊ. पहिल्या वेळी गिटार बदलताना लेकीचा पाय स्टँडला लागला होता, हे तिलाही आठवलं. म्हणून स्टँडच्या तिन्ही पायांभोवती रांगोळीच्या खडूनं गोल काढले. खोलीचा घुमा जावा म्हणून सासूबाईंच्या दोन वाकळा भिंतींवर टांगल्या. “माझ्या वाकळा आता सिनेमात,” म्हणून त्या गल्लीत सांगून आल्या.

मग तो गुणगुणाट! या घाटाच्या गिटारीतलं एकेरी वेढ्यांचं पिकअप घरातल्या विजेची घरघरसुद्धा पकडतं. ट्यूबचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, मिक्सर, सगळं. म्हणून दुपारी दोन ते चारचा आमचा तो कर्फ्यू. यावर तोडगा गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर नावाच्या माणसानं १९५५ च्या सुमारास काढला होता. दोन वेढी शेजारी शेजारी अशी उलटसुलट बसवायची की घरघरीला घरघर मारते आणि तारेचा आवाज तेवढा राहतो. त्याला हंबकर म्हणतात. त्याचा आवाज निराळाच, जाडसर. लेकीच्या ओळखीतल्या एकाची अठरा हजारांची हंबकरवाली गिटारही आम्ही मागवून घेतली. तिचा उपयोग पुढे झाला.

एक दिवस माइक मिळेना. भजनी मंडळाचा कार्यक्रम होता. म्हटलं फोनवरच घेऊ सगळं. ती अख्खी दुपार फुकट गेली. फोन फार ‘समजूतदार’ असतो हो! आवाज मोठा झाला की तो स्वतःच कमी करतो, बारीक झाला की स्वतःच वाढवतो. बोलण्यासाठी ते बरं. पण तार छेडली की पहिला ठोका दबतो आणि विरत जाणारा सूर फोन धरून वर ओढतो. कुठल्या गिटारीचा सूर किती वेळ टिकतो, काही कळेना. त्या दिवसापासून चित्र फोनवर आणि आवाज वेगळा माइकवर, असा नियम.

पण मग दोन्ही जुळवायचे कसे? टाळी वाजवून! सिनेमात ती काळी पांढरी पाटी खाडकन मिटतात ना, तेच काम. मी कॅमेऱ्यासमोर एक टाळी देते. चित्रात हात मिटलेले दिसतात तिथं, आणि आवाजाच्या लाटेत जो सुळका उठतो तिथं, दोन्ही एकाखाली एक आणून ठेवायचे. मला वाटलं झालं काम. तर पाच-सहा मिनिटांनी बोटं एकीकडे आणि सूर दुसरीकडे! फोन चित्रांचा वेग मधेमधे थोडा कमीजास्त करतो, त्यामुळे लांबलचक घेतलं की घसरतं. म्हणून तुकडे छोटे घ्यायचे आणि टाळी सुरुवातीला एक, शेवटी एक. माझ्या टाळ्यांची सवय एवढी झाली की आरतीत लेक म्हणाली, “आई, सिंक होतंय!”

तुकडे छोटे ठेवण्याला आणखी एक कारण होतं. कानाची आठवण फार तोकडी. पाच मिनिटं एक गिटार ऐकली आणि मग दुसरी, तर पहिली कशी वाजत होती हे कुणाच्या लक्षात राहणार? आठ-दहा सेकंदांची एकच ओळ, मधेच गिटार बदलून, तिथं तिथं जोडायची. हे जोडकाम मला मनापासून आवडलं. फाटक्या साडीला रफू केल्यासारखं, सांधा दिसता कामा नये.

सगळं झालं आणि मग माझ्या डोक्यात एक खोडी आली. भिशीच्या दिवशी मैत्रिणी आल्या होत्या, त्यांना दोन चित्रफिती दाखवल्या. एकीत आमची गिटार, एकीत तांबडी. विचारलं, कुठलीचा आवाज गोड? बहुतेक जणी म्हणाल्या, “तांबडीचा!” एक म्हणाली तांबडी जरा रेशमी वाटते, दुसरीला ती मंदिरातल्या घंटेसारखी वाटली. गंमत अशी की दोन्ही चित्रांखाली मी एकच आवाज लावला होता. आमच्या चौदा हजारवालीचा! सांगितल्यावर चहा ठसक्यानं बाहेर आला. मग पडदा काळा करून खरे आवाज ऐकवले, तर कुणी हिला बोट दाखवलं, कुणी तिला. दोनदा विचारलं तर तीच बाई दुसऱ्यांदा उलटं सांगे. पण हंबकरवाली लावली तेव्हा सगळ्या एकदम म्हणाल्या, “ही वेगळी आहे.” म्हणजे कान बहिरे नव्हते. घाट आणि पिकअप वेगळं असलं की फरक कळत होता. किमतीचा कळत नव्हता.

शेजारच्या गल्लीतल्या तंतुवाद्याच्या चाचांनाही बोलावलं होतं. तानपुऱ्याची जवारी घासून घासून, कानानं लावणारा माणूस. ते डोळे मिटूनच ऐकत होते. शेवटी म्हणाले, “वहिनी, दोन्ही एकाच कारखान्याच्या वाटतात. आमच्याकडंबी गिऱ्हाईक आधी नक्षी बघतंय, मग कान लावतंय. नक्षी आवडली की आवाज आवडलाच म्हणून समजा.”

हे नुसतं आपल्या बायकांचं नाही बरं का. २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला एका मोठ्या व्हायोलिन स्पर्धेच्या वेळी क्लॉडिया फ्रिट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी एकवीस कसलेल्या वादकांना अंधुक खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली होती. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियसची आणि एक ग्वार्नेरीचं, ज्यांची किंमत कोट्यवधींत. जुन्या लाकडाच्या वासावरून ओळखू नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तरसुद्धा लावलं होतं! बहुतेकांना जुनं कुठलं, नवं कुठलं सांगता आलं नाही आणि सगळ्यात जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली. हे वाचून दाखवल्यावर ह्यांनी माझ्याकडे ज्या कौतुकानं बघितलं, तसं लग्नात तरी बघितलं होतं की नाही आठवत नाही.

पण लेकीचीही एक बाजू आहे आणि ती मी दाबून ठेवणार नाही. ती म्हणाली, “आई, तुम्हाला ऐकू येत नाही, पण माझ्या हाताला कळतं.” तांबडीचा दांडा गुळगुळीत, पडद्यांच्या पट्ट्यांची टोकं घासलेली, हात सरकवताना बोचत नाहीत. तार ओढून वाजवली तरी सुरात परत येते. आमचीवर तीच तार दोन गाण्यांत उतरते आणि बटण फिरवलं की खरखरतं. व्हिडिओत यातलं काहीच दिसत नाही, कारण प्रत्येक तुकड्याआधी ती सूर लावूनच घेत होती. आणि तांबडी हातात आली की ती जरा ऐटीतच वाजवायची, हे मला कॅमेऱ्यातून स्पष्ट दिसत होतं. त्यावर आम्हाला पूर्ण इलाज सापडला नाही. मेट्रोनोमची टिकटिक लावली, तोच तुकडा पाच-पाच वेळा घेतला, तरी हात तो हातच.

नव्या व्हिडिओच्या सुरुवातीला काय बोलायचं यावर आमचं परत वाजलं. तिचं म्हणणं, जुना गुपचूप काढून टाकू आणि नवा टाकू, कुणाला कळणार आहे? मी म्हटलं, जतच्या मुलाला कळायला हवं. दोन दिवस ती गप्प होती. मग तिसऱ्या दिवशी वाकळांच्या पुढं बसून, कॅमेऱ्यात बघून बोलली. “माझ्या आधीच्या व्हिडिओत चूक झाली होती. दोन्ही गिटारींचा आवाज सारखा मोठा नव्हता, तारा सारख्या नव्हत्या, माइक हलला होता.” आवाज थरथरत होता. मी तो तुकडा एकही कात्री न लावता तसाच ठेवला. पहिला व्हिडिओ जेवढ्यांनी बघितला, त्याच्या निम्म्यांनीही हा बघितला नाही. ‘फरक काहीच नाही’ हे बघायला कोण येतं?

त्या मुलाला फोन तिनंच केला. मी शेजारी उभी होते. पलीकडून बराच वेळ काही आवाजच नाही. मग तो म्हणाला, “दुकानदार परत घेत नाही ताई, मी आधीच विचारलं होतं. सहा महिन्यांचे राहिलेत.” म्हणजे त्यालाही आधीच कुठंतरी चुकचुकलं होतं. हप्ते वडील भरत होते. लेकीनं फोन ठेवला आणि आत जाऊन बसली. मी गेले नाही तिच्यामागं.

आमच्या गिटारीला सांगलीतल्या एका कारागिराकडून अठराशे रुपयांत नवी बैठक करून घेतली. पट्ट्यांची टोकं घासली, बटणात फवारा मारला. आता ती बऱ्यापैकी सुरात राहते. आर.डी.चे पैसे बँकेतच आहेत. लेक म्हणते, कॉलेज संपल्यावर बघू. आता ‘बघू’ म्हणायची पाळी तिची.

परवा तो मुलगा एस.टी.नं मिरजेला आला. पाठीवर ती तांबडी. सडपातळ, लाजरा, चपला बाहेर अगदी कडेला काढून आत आला. पोहे खाताना खाली बघूनच म्हणाला, “काकू, माझी गिटार वाईट आहे का?” म्हटलं, “नाही रे बाळा, चांगलीच आहे. हात लावून बघितलंय मी.” आणि ते खोटं नव्हतं. गावातल्या दोन पोरांना तो शिकवायला लागलाय, महिन्याला पाच-पाचशे घेतो, ते हप्त्यात घालतो. लेकीपेक्षा हात त्याचा जास्त तयार आहे, हे तिनंच मला खुणेनं सांगितलं.

मग ट्यूब बंद केली, पंखा बंद केला, वाकळा सोडल्या. एकच गिटार दोघांनी वाजवायची, आधी त्यानं, मग तिनं, असं त्यांचं ठरलं होतं. मी कॅमेऱ्यासमोर जाऊन टाळी दिली, त्यानं पहिली तार छेडली आणि गल्लीच्या तोंडाशी घंटागाडीचं गाणं सुरू झालं. तिघंही हसलो. गाडी लांब जाईपर्यंत थांबलो आणि मी परत टाळी द्यायला उठले.